मुंबईच्या बागा दारापासून मोजा: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच विकास नियोजन विभाग व उद्यान विभागातील सर्व संबंधित अधिकारी,
मुंबई.

विषय: शहरातील उद्याने व मैदाने पुरेशी आहेत का, याची चालण्याच्या अंतरावर आधारित, प्रभागवार मोजणी करून ती जाहीर करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी कुर्ला पूर्वेला राहणारा एक निवृत्त आरेखक आहे. पस्तीसहून अधिक वर्षे वास्तुविशारदांच्या कार्यालयांत बसून मी इमारतींचे आणि लेआउटचे नकाशे काढले, आणि त्या प्रत्येक नकाशात कुठल्या तरी कोपऱ्यात हिरवी पेन्सिल फिरवून ‘आरजी’ ही दोन अक्षरे लिहिली. मनोरंजनाचे मैदान असा त्यांचा अर्थ. नोकरीत असताना तो हिरवा चौकोन बसला की नकाशा मंजुरीला पाठवायचा, एवढेच माझे काम होते. त्या चौकोनात पुढे गवत उगवले की वाहनतळ झाला, हे पाहायला मी कधी गेलो नाही, याची मला आज खंत वाटते आणि हे पत्र लिहिण्यामागे ती खंतही आहे.

गेल्या हिवाळ्यात मी एक साधा प्रयोग केला. आमच्या भागाच्या विकास आराखड्याची प्रत टेबलावर पसरली, आमच्या इमारतीवर कंपासचे टोक टेकवले आणि नकाशाच्या प्रमाणात पाचशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. वर्तुळात तीन हिरवे तुकडे आले. कागदावर पाहणाऱ्याला वाटावे की या माणसाची काही तक्रार असू नये. मग मी सात वर्षांच्या नातीला घेऊन ते तीनही तुकडे चालत गाठायला निघालो. पहिला रेल्वेरुळांच्या पलीकडे निघाला. सरळ रेषेत तो चारशे मीटरही नसेल, पण रूळ ओलांडायचे तर स्टेशनच्या पुलापर्यंत उलटे जायचे, गर्दीतून जिने चढायचे, उतरायचे आणि पुन्हा तेवढेच चालत मागे यायचे. आम्हाला अर्ध्या तासाला थोडी मिनिटे कमी लागली. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात, तिला तो पूल चढणे शक्यच नाही. दुसरा तुकडा एका गृहसंकुलाच्या फाटकाआड होता आणि वॉचमनने नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की आत फक्त सदस्यांना प्रवेश आहे. तिसरी मात्र खरोखरच सार्वजनिक बाग होती. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि फाटकाला कुलूप होते.

ती बाग कोणती आणि कोणाच्या अखत्यारीतली, हे मी लिहीत नाही, कारण माझा रोख कोणा एका माळ्यावर किंवा सुरक्षारक्षकावर नाही. पण त्या कुलपाबाहेर मी जे पाहिले ते आपल्यापर्यंत पोचावे असे मनापासून वाटते. बागेच्या कुंपणाला लागून असलेल्या अरुंद फुटपाथवर, आतल्या पर्जन्यवृक्षाची जेवढी सावली बाहेर सांडत होती तेवढ्याच पट्ट्यात, घरोघरी सामान पोचवणारी चार मुले पाठीवरच्या पिशव्या उतरवून बसली होती, आणि त्यांच्या शेजारी दोन बायका डबा उघडून जेवत होत्या. त्यांच्यापैकी एक म्हणाली की सकाळची घरे आटोपली, संध्याकाळची साडेचारला सुरू होतात, मधल्या वेळात घरी जाऊन यायचे तर तेवढे भाडे परवडत नाही. आतली बाके रिकामी होती. बागेची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते ती माणसे सकाळी सहाला फिरायला येणारी नसतात. डोक्यावर छप्पर नसलेल्या कामात दुपार काढणारी ही माणसे असतात, आणि नेमक्या त्यांच्याच वेळेला फाटक बंद असते.

शहरात मोकळी जागा पुरेशी आहे का, असे विचारले की आपल्याकडे दरडोई आकडा पुढे केला जातो. विकास आराखडा २०३४ ची चर्चा सुरू असल्यापासून सर्वांच्या तोंडी असलेला आकडा दरडोई सुमारे १.२४ चौरस मीटर हा आहे. घरात एका माणसाने आडवे व्हायला अंथरतो ती सहा फूट बाय तीन फुटांची चटईसुद्धा याहून मोठी, जवळजवळ पावणेदोन चौरस मीटरची असते. केंद्र सरकारने २०१४ साली नगर नियोजनासाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. या दोन आकड्यांमधली दरी इतकी मोठी आहे की एकदा ती ऐकली की माणूस हताश होतो, आणि हताश झालेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. म्हणून मी स्वतः गणित मांडून पाहिले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. प्रत्येकाला १० चौरस मीटर द्यायचे तर १२४ चौरस किलोमीटरहून अधिक जागा लागेल. अवघी मुंबई सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटरची, म्हणजे शहराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जमीन बागांना द्यावी लागेल. हे होणार नाही, आणि होणार नाही हे आपल्याइतकेच मलाही ठाऊक आहे. मी आपल्याकडे ते मागतही नाही.

मी मागतो आहे ती मोजण्याची वेगळी रीत. दरडोई सरासरीत एक मोठा दोष आहे: ती कोणत्याही दिशेला वाढवता येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचेच उदाहरण घेऊ. ते सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा निम्म्याहून कमी भाग मुंबईच्या हद्दीत येतो, तरी तेवढा भाग हिशेबात धरला तर आपली सरासरी एका फटक्यात काही पटींनी वाढते. पण ते जंगल आहे. तिथे बिबट्या राहतो, तिथे तुळशी आणि विहार तलावांचे पाणलोट आहेत, आणि ते जंगलच राहावे यासाठी या शहरातल्या लोकांनी बरेच सोसले आहे. मानखुर्दच्या मुलाला संध्याकाळी चेंडू खेळायचा असेल तर हार्बरने कुर्ला, तिथून दादर आणि दादरहून पश्चिम रेल्वेने बोरिवली, असा प्रवास करून तो मैदानावर जात नाही. तो रस्त्यावर खेळतो. जंगलाची किंमत शहराच्या हवेच्या आणि पाण्याच्या हिशेबात अवश्य धरावी, ती प्रचंड आहे, पण बागेच्या हिशेबात धरू नये.

हेच महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेबद्दल. तिथल्या १२० एकरांवर आणि किनारी रस्त्यासाठी केलेल्या भरावातल्या सुमारे १७५ एकरांवर मिळून मोठे उद्यान होणार आहे, याचा मला आनंद आहे. इतक्या वर्षांनी शहराच्या मध्यभागी एवढी सलग मोकळी जागा सामान्य माणसाला मिळत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे, आणि त्या जमिनीत पुढे बांधकामाची एकही वीट शिरू नये यासाठी नागरिकांनी जागे राहिले पाहिजे. तरीही या सुमारे २९५ एकरांना सगळ्या मुंबईकरांनी भागले तर माणशी एक दशांश चौरस मीटरही पडत नाही, आपल्या खिशातल्या हातरुमालाहून कमी. वरळी-महालक्ष्मीच्या लोकांना ती उत्तम बाग असेल. गोवंडीतल्या बैंगनवाडीच्या बाईसाठी ती सणासुदीला, मुलांना नटवून, गाडी बदलत जाण्याची जागा असेल. या उद्यानाचे उद्घाटन झाल्यावर शहराची सरासरी वाढल्याचे जाहीर होईल, आणि त्या वाढीचा एक कणही गोवंडीत पोचलेला नसेल, ही माझी मुख्य चिंता आहे.

गोवंडीचे नाव मी उगाच घेत नाही. दादर-माहीमकडे १९२५ साली खुले झालेले माहीम पार्क १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झाले, आणि त्याच १९२७ सालापासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. एकाच शहराने एकाच वेळी एका टोकाला मैदान दिले आणि दुसऱ्या टोकाला कचराभूमी. पुढे त्याच टोकाला, रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्या लोकांसाठी, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, जिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध या बांधणीशी जोडला गेला आहे. अशा वस्तीत बाग म्हणजे घरात न येणारे ऊन अंगावर घेण्याची जागा, आणि शिवाजी पार्कच्या रहिवाशाला लागते त्याहून ती तिथे किती तरी अधिक लागते. सरासरीच्या गणितात मात्र दोघांचे वजन सारखेच.

शिवाजी पार्कबद्दल थोडे अधिक लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मोकळी जागा कशी असावी हे या शहराला कधीकाळी फार चांगले कळत होते. १८९६ च्या प्लेगने शहराला हादरवले, १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले, आणि दादर-माटुंगा-वडाळ्याच्या मोकळ्या जमिनीवर जेव्हा नव्या वसाहती आखल्या गेल्या तेव्हा घरे बांधून उरलेल्या जागेत बागा टाकलेल्या नाहीत. आधी रस्ते आणि बागा आखल्या आणि त्यांच्याभोवती घरे बसवली. माटुंग्याचे पाच बगिचे आजही पाहावेत. शिवाजी पार्क तर पुरे २८ एकरांच्या आसपास आहे, आणि त्याची खरी थोरवी मला त्याच्या कट्ट्यात दिसते. मैदानाला वेढून गेलेला तो बुटका कट्टा कुंपणाचे काम करतो आणि बाकाचेही. त्यावर म्हातारे बसतात, कॉलेजची मुले बसतात, एकटी बाई निर्धास्त बसू शकते, कारण रस्ता आणि मैदान दोन्हीकडून तिच्यावर लोकांची नजर असते. तिथे तिकीट नाही, दुपारचे कुलूप नाही, आत काय करायचे याची पाटी वाचावी लागत नाही. गेल्या काही दशकांत झालेल्या किती बागांविषयी आपण असे म्हणू शकू? उंच लोखंडी जाळी, एकच फाटक, आत पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ओपन जिमची यंत्रे, कारंज्याचे कोरडे कुंड, पंपघर, सुशोभीकरणाची कमान, आणि ‘चेंडू खेळू नये, सायकल आणू नये’ असा फलक. मोजायला गेले तर बागेच्या मूळ क्षेत्रफळातली किती जमीन माती म्हणून शिल्लक राहिली, याची नोंद कुठेच सापडत नाही.

माती शिल्लक असणे ही हौसेची बाब नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसाची कुर्ल्यातल्या आम्हा लोकांना, मिठी नदीच्या काठाला राहणाऱ्यांना, आठवण करून द्यावी लागत नाही. पाणी मुरायला जागा हवी आणि झाडाच्या मुळांना खोली हवी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात असे स्पष्ट केले की लेआउटमधली मनोरंजनाची जागा जमिनीवर असली पाहिजे, ती पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या सपाट छतावर, टाकून चालणार नाही. माझ्यासारख्या आरेखकांनी पोडियमवर हिरवे चौकोन रंगवण्यात किती कागद घालवले हे मला माहीत आहे. वाहनतळाच्या छतावर दीड हात माती पसरून लावलेली हिरवळ ही गच्चीवरची बाग असते, आणि ती फक्त त्या इमारतीची असते. सार्वजनिक जागेच्या मोजणीत तिला स्थान नसावे. वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळ करण्याच्या प्रस्तावाला तिथल्या लोकांनी जो विरोध केला, त्यामागेही मातीचा हाच साधा विचार होता.

आता जमीन जाते कशी, याकडे वळतो, कारण मोजणीशिवाय ते रोखता येत नाही. गिरण्यांच्या जमिनींची कथा आपल्या विभागाला तोंडपाठ असेल. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार विकासाला निघणाऱ्या गिरणीच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला मिळायचा होता. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि हा हिस्सा संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या पडलेल्या भागापुरता धरला जाऊ लागला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फिरला. गिरणगावात सुमारे ६०० एकरांच्या बाबतीत शहराला आयुष्यात एकदाच मिळणारी संधी होती. नियमातल्या काही शब्दांनी ती गेली. आज परळ-लोअर परळला संध्याकाळी कार्यालये सुटतात तेव्हा माणसे पुलावर उभी राहतात, कारण क्षणभर टेकायला दुसरी जागा नाही.

दुसरी वाट अधिक शांतपणे जमीन नेते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आरक्षित, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेली, जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. फाईल एका टेबलावर राहिली, एवढ्यानेच एका वस्तीचे मैदान जाते, आणि वस्तीला ते कळतसुद्धा नाही. तिसरी वाट झोपडपट्टी पुनर्वसनाची. मोकळ्या जागेचे आरक्षण असलेल्या ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर झोपड्या असतील तर तिथेच पुनर्वसन करून ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याची तरतूद आहे, आणि जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. तिथे राहणाऱ्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मग ते ३५ टक्के तरी कुठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, त्याचे फाटक रस्त्याकडे उघडते की इमारतीच्या आवारात, हे दर वर्षी तपासून जाहीर झाले पाहिजे. अन्यथा ते पस्तीस टक्केही माझ्या हिरव्या पेन्सिलीसारखे कागदावरच राहतील.

म्हणून माझी विनंती अशी की महापालिकेने २२७ प्रभागांपैकी प्रत्येकासाठी एक तक्ता तयार करावा आणि तो मराठीत, कोणालाही उघडून वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध करावा. त्यात प्रत्येक सार्वजनिक उद्यान आणि मैदानाचे नाव, सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक, मूळ क्षेत्रफळ आणि त्यातून बांधकाम व फरशी वजा करून उरलेली माती लिहावी. ती जागा प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे, फाटके किती आणि कोणत्या वेळी उघडी असतात, प्रवेशाला पैसे लागतात का, हेही लिहावे. राणीच्या बागेत २०१७ पासून मोठ्या माणसाला ५० रुपये पडतात. प्राणिसंग्रहालय म्हणून ते एकवेळ योग्य असेल, पण भायखळ्याच्या चाळीतल्या कुटुंबाची रोजची बाग म्हणून ती मोजता येणार नाही. देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक दिलेल्या भूखंडांच्या बाबतीत या शहराने बराच मनस्ताप भोगला आहे, २००७ चे आणि २०१६ चे धोरण लोकांच्या विरोधामुळे स्थगित करावे लागले होते, तेव्हा ताब्याचा रकाना विशेष काळजीने भरावा.

आणि मग अंतर. ते कंपासने न काढता पायांनी काढावे. रूळ, नाला, द्रुतगती महामार्ग आणि बंद गल्ल्या धरून, एखादी आजी काठी टेकत दहा मिनिटांत जिथवर जाऊ शकेल तिथवरची जागाच त्या घराची बाग मानावी. अशा रीतीने मोजले म्हणजे प्रत्येक प्रभागात किती घरांना दहा मिनिटांत बाग आहे आणि किती घरांना नाही, हे समजेल. ज्या प्रभागांत नसलेल्यांची संख्या सर्वांत मोठी निघेल तिथली आरक्षणे आधी ताब्यात घ्यावीत, तिथल्या शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीसाठी उघडण्याची बोलणी आधी करावीत, आणि तिथे रेल्वेवर किंवा नाल्यावर जिन्याऐवजी सोप्या चढणीचा एक पूल बांधल्याने पलीकडची बाग मिळत असेल तर तो पूलही बागेच्या खर्चात धरावा. दुपारची कुलपे काढायला तर जमीनही लागत नाही.

हे काम प्रचंड आहे, मनुष्यबळ नाही, असे उत्तर येऊ शकते. त्यावर मला २०१५ ची आठवण द्यावीशी वाटते. विकास आराखड्याच्या त्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला, आणि त्या चुका शोधल्या त्या आपापल्या गल्लीचा नकाशा हातात घेऊन उभ्या राहिलेल्या साध्या रहिवाशांनी. तेच लोक ही मोजणीही करतील. महापालिकेने नमुना ठरवून द्यावा आणि तपासणीसाठी प्रत्येक विभाग कार्यालयात एक माणूस नेमावा.

आमच्या इमारतीभोवतीच्या त्या तीन हिरव्या तुकड्यांचा तक्ता मी वर सांगितलेल्या रकान्यांप्रमाणे भरून या पत्राच्या प्रतीसोबत विभाग कार्यालयात देत आहे. त्यातला मातीचा रकाना रिकामा आहे, कारण आत जाऊन मापायला मला परवानगी मिळाली नाही. आपल्या विभागातून कोणी अधिकारी येणार असतील तर त्यांनी कृपया दुपारी अडीच वाजता यावे. टेप माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक,
कुर्ला (पूर्व), मुंबई